बचतीचे हक्कदार

शव्वालचा चंद्र दिसला की खानदेशातील मुस्लिम वस्त्यांत लग्नसराई सुरू होते. धुळे असो, जळगाव असो, भुसावळ असो की रावेर, मोहल्ल्याच्या तोंडाशी मंडप उभा राहतो आणि देगा चुलीवर चढतात. काही वर्षांपूर्वी धुळ्यातील अशाच एका दावतीला मी गेलो होतो. यजमान यंत्रमागावर काम करणारे, माझ्या जुन्या परिचयातले गृहस्थ. त्यांच्या थोरल्या मुलीचा निकाह होता. पाचशेच्या वर माणसे जेवून गेली. निरोप घेताना मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, ‘‘माशाअल्लाह, इंतजाम फार उत्तम झाला. कुठे काही कमी पडले नाही.’’ त्यांचा थकलेला चेहरा एकदम उजळला.

आठ-नऊ महिन्यांनी तेच गृहस्थ माझ्या घरी आले. धाकटी मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. तिला नर्सिंगचे शिक्षण घ्यायचे होते. प्रवेशासाठी पैसे हवे होते आणि घरात काहीच नव्हते. बारा वर्षे भिशीत टाकलेला पैसा त्या एका दिवशी संपला होता. वर कर्ज झाले होते, त्याचे हप्ते चालू होते. मी जमेल तेवढे दिले. ते पुरले नाही. प्रवेशाची मुदत टळली. ती मुलगी आज घरी शिवणकाम करते.

तेव्हापासून दावतीत उच्चारलेले माझे ते वाक्य मला टोचत आले आहे. खर्च त्यांनी केला हे खरे. परंतु त्या खर्चाला शाबासकी देणाऱ्या पाचशे जणांत मीही होतो. त्या रात्री जे अन्न आम्ही खाल्ले, त्यात त्या धाकट्या मुलीच्या शिक्षणाचा वाटा होता.

बचत ही व्यक्तीची खाजगी बाब आहे, ज्याला संयम आहे तो साठवतो आणि ज्याला नाही तो उधळतो, असे आपण सहज म्हणून जातो. हे कितपत खरे आहे? मनुष्य किती साठवतो हे त्याच्या एकट्याच्या इच्छेवर ठरते, की त्याचे घर, त्याची बिरादरी आणि त्याच्या समाजाचे रीतिरिवाज ते ठरवितात? आणि जर समाज ठरवीत असेल, तर अल्लाहसमोर जाब कोणी द्यावयाचा? या प्रश्नांचा कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात विचार करू.

तवक्कुल आणि उद्याचे धान्य

पहिला आक्षेप आपल्याच घरांत ऐकू येतो. रिज़्क़ देणारा अल्लाह आहे, मग उद्याची चिंता कशाला? साठवणे म्हणजे अल्लाहवरील भरवशात उणीव नाही काय?

या आक्षेपामागे निखळ श्रद्धाही असू शकते, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) दुसऱ्या दिवसासाठी काही साठवून ठेवीत नसत, असे हजरत अनस (र.) यांनी सांगितले आहे आणि तिरमिज़ी यांनी ते नोंदविले आहे. परंतु सहीह बुखारीत हजरत उमर (र.) यांचे असेही निवेदन आहे की, प्रेषित (स.) बनू नज़ीरच्या खजुरीच्या उत्पन्नातून आपल्या कुटुंबीयांसाठी वर्षभराचे अन्न बाजूला ठेवीत असत. ही दोन निवेदने परस्परविरोधी वाटतात. विद्वानांनी त्यांचा मेळ असा घातला आहे की, स्वतःसाठी प्रेषितांनी (स.) काही राखले नाही, जे राखले ते ज्यांचे भरणपोषण त्यांच्यावर होते त्यांच्यासाठी.

या उत्तरात बचतीचा सगळा नैतिक अर्थ आला आहे. स्वतःच्या सुरक्षिततेसाठी संपत्तीचा आधार शोधणारे मन आणि ज्यांचा आपल्यावर हक्क आहे त्यांच्यासाठी आज दोन घास कमी खाणारे मन, ही दोन वेगळी मने आहेत. पहिल्याला भय चालविते, दुसऱ्याला कर्तव्य. हजरत साद बिन अबी वक्कास (र.) मक्केत गंभीर आजारी पडले, तेव्हा त्यांनी आपली दोन-तृतीयांश संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) नकार दिला. निम्मी? त्यालाही नकार. एक-तृतीयांशाला अनुमती दिली आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा सुस्थितीत सोडून जाणे उत्तम, असा त्यांनी निर्वाळा दिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. दानासारखे पुण्यकर्मसुद्धा वारसांच्या हक्कावर अतिक्रमण करू लागले तर ते थांबविले गेले. मग दिखाव्यासाठी केलेल्या खर्चाचे काय?

हजरत यूसुफ (अ.) यांची कथा आपण मुलांना सांगतो, पण तिच्यातील बचतीचा धडा बहुधा निसटतो. सात वर्षे सुकाळाची, सात दुष्काळाची. पीक कापून खाण्यापुरते घ्यावे आणि उरलेले कणसातच राहू द्यावे, असा सल्ला त्यांनी दिला (सूरह यूसुफ, आयत 47-48). ज्वारी-बाजरी कणगीत भरणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याला या सल्ल्यातील शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. हा सल्ला देणारा अल्लाहचा प्रेषित होता. तवक्कुलमध्ये त्यांच्याहून श्रेष्ठ आपल्यापैकी कोण?

साठा केव्हा पाप होतो?

याच्या उलट टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. सोने-चांदी साठवून अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना सूरह तौबाच्या 34 व्या आयतीत कठोर यातनेची सूचना दिली आहे. हजरत अबूज़र (र.) या आयतीचा अर्थ फार व्यापक घेत. गरजेपेक्षा अधिक जे काही राखले जाईल तो साठाच, असे त्यांचे मत होते. शाममध्ये या प्रश्नावर त्यांचा हजरत मुआविया (र.) यांच्याशी मतभेद झाला आणि अखेरीस त्यांनी रबज़ा येथे एकांतवास पत्करला. बहुसंख्य सहाबा व धर्मशास्त्रज्ञ यांचे मत मात्र हजरत इब्ने उमर (र.) यांच्याप्रमाणे आहे: ज्या संपत्तीची जकात दिली गेली ती ‘कन्ज़’, म्हणजे निषिद्ध साठा ठरत नाही.

आपण बहुमताचे मत मानतो, आणि ते योग्यच आहे. तरी हजरत अबूज़र (र.) यांचा प्रश्न मनात जागता ठेवावा. जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती दूरवर आहे आणि खानदेशातील साधारण ऐपतीच्या घरीही मुलीबाळींसाठी थोडेफार सोने केले जाते. साडेसात तोळे सोने, म्हणजे सुमारे 87.48 ग्रॅम, हा जकातीचा निसाब. हनफी मतानुसार अंगावरील दागिन्यांवरही जकात अनिवार्य आहे. तरीही किती घरांत दागिन्यांचे वजन करून दरवर्षी अडीच टक्के काढले जातात? जी बचत जकात देत नाही, ती कुटुंबाची ढाल असली तरी गरिबाचा हक्क दाबून बसलेली असते.

सूरह बनी इस्राईलच्या 26 व्या आयतीचा क्रम पाहण्यासारखा आहे. तीत आधी नातलग, गरजू आणि वाटसरू यांना त्यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि लगेच उधळपट्टीची मनाई. पुढच्या आयतीत उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे बंधू म्हटले आहे. हक्क आणि उधळपट्टी एकाच आयतीत शेजारी यावेत, यात मोठा संकेत आहे. उधळलेला पैसा आपला असतो असे आपण समजतो. वास्तविक तो कुठल्या तरी हक्कदाराचा असतो.

घर काय शिकविते?

आता आपल्या घरांकडे वळू. खानदेशातील मुस्लिम समाज एका साच्याचा नाही. धुळ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांचे वंशज यंत्रमागावर आहेत. त्यांची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, आणि माग बंद तर मजुरीही बंद. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या कापणीवर, भरणीवर जाणारा मजूर रोजंदारीचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी कुटुंबांचे उत्पन्न हंगामावर अवलंबून. बागवान रोज सकाळी माल उचलतो आणि रात्री हिशेब करतो. भुसावळला रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत नोकरी करणाऱ्याला महिन्याची ठराविक तारीख ठाऊक असते. सुरतेला कामासाठी गेलेला तरुण घरी पैसे पाठवितो, ते कधी येतात, कधी नाही.

ज्या घरात पैसा रोज येतो आणि रोज संपतो, तेथील मूल ‘पुढचा महिना’ हा शब्द क्वचितच ऐकते. ते आळशी नसते आणि उधळेही नसते. त्याला उद्याचा विचार करण्याची सवड कुणी दिलेली नसते. म्हणून गरिबाला ‘बचत कर’ असा कोरडा उपदेश करणे अन्यायाचे आहे. पण याच गरीब घरांत एक जुनी रीत होती, ती आठवावी. आमची दादी भाकरीसाठी पीठ मळण्यापूर्वी मूठभर पीठ एका वेगळ्या मडक्यात टाकीत असे. महिनाअखेरीस त्यातला एक भाग मदरशाला जाई आणि उरलेला घरातल्या अडचणीला. मूठ लहान होती, पण रोज होती. त्या मुठीत सदका आणि बचत एकत्र नांदत. दान करणारे घर साठवू शकत नाही, हा समज तिने आम्हांला न बोलता चुकीचा ठरवून दाखविला.

मुलांच्या ईदीचे उदाहरण घ्या. ईदच्या दिवशी मुलाच्या हातात नोटा येतात. आई म्हणते, ‘‘आण, तुझ्यासाठी ठेवते.’’ तो पैसा पुढे किराण्यात जातो. मूल विचारते आणि गप्प बसविले जाते. मुलाची मालमत्ता ही पालकाच्या हाती अमानत असते, हे धर्मशास्त्र आपणांस ठाऊक आहे. पण त्याहून मोठे नुकसान असे की, राखून ठेवलेले परत मिळत नाही, हे मूल त्याच दिवशी शिकते. असे मूल मोठेपणी हाती आलेले लगेच खर्च करून टाकते, तर दोष कुणाला द्यावा?

आणि घरातील स्त्री? 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळ-तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून घरोघरी नोटा बाहेर आल्या. पतीला ठाऊक नसलेली ती पत्नीची बचत होती. काही घरांत त्यावरून हसणे झाले, काही घरांत भांडणे. ती लपवून का ठेवावी लागली होती, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. अबू सुफियान हात आखडता घेतात, अशी तक्रार घेऊन हजरत हिंद (र.) आल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःच्या व मुलांच्या गरजेपुरते रीतसर घेण्याची मुभा दिली. कुटुंबाच्या पैशावर पत्नी व मुलांचा हक्क आहे, ही त्या निर्णयाची भूमिका. ज्या घरात जमाखर्च पती-पत्नीच्या सल्ल्याने चालतो, तेथे डब्यात पैसे लपविण्याची वेळ येत नाही; आणि एकमेकांना ठाऊक असलेली बचत टिकते.

समाज काय मागतो?

घर कितीही शहाणे असले तरी त्याच्या दाराबाहेर बिरादरी उभी असते. मंगनीपासून मांडवापर्यंतचा प्रत्येक टप्पा, जहेजमधील फ्रिज, कपाट, दुचाकी, पंगतीतले पदार्थ, या सगळ्यांची यादी शरीअतने दिलेली नाही. ती शेजारच्या लग्नाने दिलेली आहे. मुलीच्या बापावर तर शरीअतने दावतीचा भारच टाकलेला नाही. वलीमा वराकडचा, तोही ऐपतीप्रमाणे. मुलीकडची मोठी पंगत ही आपण होऊन गळ्यात बांधून घेतलेली धोंड आहे.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) मदिनेत आले तेव्हा रिकाम्या हातांनी आले होते. अन्सारी बंधूने निम्मी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. काही दिवसांनी त्यांच्या कपड्यांवर पिवळ्या सुगंधाची खूण दिसली, तेव्हा प्रेषितांनी (स.) चौकशी केली. निकाह झाल्याचे कळले. एका बकरीचा का होईना, वलीमा कर, असे त्यांनी सांगितले. त्या छोट्याशा मदिनेत एका सहाबीचा निकाह झाला आणि खुद्द अल्लाहच्या प्रेषितांना (स.) आमंत्रण नव्हते! त्यांनी त्याचा राग मानला नाही, गाऱ्हाणे केले नाही. आज आपल्याला पत्रिका पोहोचली नाही तर वर्षभर अबोला धरणाऱ्या आपण सर्वांनी या प्रसंगावर विचार करावा. खैबरहून परतताना हजरत सफिय्या (र.) यांच्याशी झालेल्या निकाहाच्या वलीम्यात तर रोटी नव्हती, मांस नव्हते, चामड्याच्या चटया अंथरून खजूर, सुके दही आणि तूप मांडले गेले.

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. गरीब माणूस म्हणेल, ‘‘माझी माणसे हीच माझी ठेव आहे. आज मी त्यांना जेवू घातले तर उद्या माझ्या आजारपणात ते धावून येतील. मी कुणाला बोलावले नाही तर माझ्या जनाज्याला कोण येईल?’’ या बोलण्यात तथ्य आहे. जेथे पेन्शन नाही, विमा नाही, तेथे नातीगोती हाच आधार. आहेराची किंवा न्योत्याची वही हे त्याचेच रूप. कुणी किती दिले ते लिहिले जाते आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे, किंबहुना थोडे अधिक, परत केले जाते.

परंतु सूरह रूमची 39 वी आयत आठवावी. लोकांच्या संपत्तीत मिसळून वाढावे म्हणून जे दिले जाते ते अल्लाहजवळ वाढत नाही. वाढते ते त्याच्या प्रसन्नतेसाठी दिलेले. अधिक परत मिळण्याच्या अपेक्षेने दिलेल्या भेटींचा अनेक भाष्यकारांनी या आयतीच्या संदर्भात उल्लेख केला आहे. ज्या भेटीची वही ठेवली जाते ती भेट राहत नाही, तिचे कर्ज होते. आणि हे कर्ज ज्याच्याजवळ परत करण्याची ऐपत नाही तो हळूहळू लग्नांना जाणेच टाळतो. म्हणजे माणसे जोडण्यासाठी काढलेली वही शेवटी गरिबालाच तोडते. नाते जोडण्याची आज्ञा आहे ती त्याच्या आजारपणात डबा नेण्याची, त्याच्या मुलाला कामाला लावण्याची. तिच्यासाठी मंडप लागत नाही.

जहेजचा दुसरा परिणाम वारसाहक्कावर होतो. ‘‘लग्नात तुला पुष्कळ दिले’’ असे सांगून बापाच्या निधनानंतर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. सूरह निसाच्या 7 व्या आयतीत आई-वडील व नातलगांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत स्त्रियांचा हिस्सा, मग ती संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, निश्चित केला आहे. जे देणे अल्लाहने ठरविले ते चुकवायचे आणि जे त्याने मागितले नाही त्यासाठी आयुष्याची कमाई घालवायची, असा हा उलटा व्यवहार आहे. जहेजमधील वस्तू दहा वर्षांत जुन्या होतात; शेताचा तुकडा किंवा घराचा वाटा तिला म्हातारपणी आधार देतो.

व्याजाचे भय आणि भिशी

बचत कमी होण्याचे आणखी एक कारण आपल्या श्रद्धेशी निगडित आहे. व्याज निषिद्ध आहे, आणि सूरह बकराच्या 275 ते 279 या आयतींत त्याविषयी इतकी कठोर भाषा आहे की ईमानधारकाचे मन बँकेच्या ठेवीपासून दूर राहते. हे दूर राहणे योग्यच. अडचण अशी की, आपण एक दार बंद केले आणि दुसरे उघडलेच नाही. पैसा घरात राहिला आणि घरात राहिलेला पैसा रीतिरिवाजांच्या हाती सहज लागला. दुसरीकडे कर्ज घेताना मात्र आपली दक्षता ढिली पडते. मंडपाच्या खर्चासाठी सोने गहाण ठेवून व्याज भरणारे, मायक्रोफायनान्सचे साप्ताहिक हप्ते फेडणारे आपल्याच मोहल्ल्यात आहेत. व्याज घेण्याचे पाप टाळले, पण व्याज देण्याच्या फासात अडकलो.

पतसंस्थांचा अनुभवही कडू आहे. जळगाव जिल्ह्यात गेल्या दोन दशकांत अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि जास्त व्याजाच्या आशेने ठेवी ठेवणाऱ्या सर्व धर्मांच्या सामान्य माणसांचे पैसे अडकून पडले. त्या धक्क्याने अनेकांचा संस्थांवरील विश्वास उडाला.

उरते ती भिशी. खानदेशातील मोहल्ल्यांत स्त्रिया ती अत्यंत विश्वासाने चालवितात. वीस जणींनी दरमहा 500 रुपये काढले की 10,000 जमतात आणि दर महिन्याला एकीला मिळतात. कुणाच्या घरी बाळंतपण असेल, कुणाचे छत गळत असेल, तर आपला नंबर तिला देण्याचा उदारपणाही होतो. अशा साध्या भिशीत प्रत्येकीला जेवढे भरले तेवढेच मिळते, म्हणून अनेक विद्वानांनी तिला परस्परांना दिलेले कर्जे हसना मानून जायज ठरविले आहे. परंतु लिलावाच्या भिशीचे स्वरूप वेगळे आहे. तीत गरजवंत स्त्री 10,000 ऐवजी 8,000 घेऊन समाधान मानते, उरलेले 2,000 इतरजणी वाटून घेतात, आणि तिला मात्र हप्त्यांनी पूर्ण 10,000 भरावे लागतात. नाव भिशी असले तरी हे 2,000 गरजवंताच्या अडचणीवर मिळविलेले व्याज आहे. एकाच मोहल्ल्यात दोन्ही भिश्या चालतात आणि दोन्ही ‘आपसांतील व्यवहार’ म्हणविल्या जातात. यातला भेद घरोघरी समजावून सांगणे हे आपल्या उलेमांचे व सुशिक्षितांचे काम आहे.

व्याज टाळून मोठ्या प्रमाणावर बचत होऊ शकते, याची उदाहरणे जगात आहेत. मलेशियातील खेड्यापाड्यांत लोक हजसाठी पैसे घरात लपवून ठेवीत, कित्येकदा जमीन व जनावरे विकून हजला जात आणि परतल्यावर कंगाल होत. हे पाहून अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी 1959 मध्ये हज-बचतीची योजना मांडली. 1963 पासून तिचे प्रत्यक्ष कार्य सुरू झाले आणि आज ‘तबुंग हाजी’ या नावाने ती लक्षावधी कुटुंबांची ठेव सांभाळते. त्याच वर्षी इजिप्तमधील मीत ग़म्र या गावी अहमद अन-नज्जार यांनी छोट्या शेतकऱ्यांसाठी व्याजविरहित बचत संस्था उघडली. आपल्या देशात देवबंदचा मुस्लिम फंड 1961 पासून चालत आला आहे. व्याजविरहित बँकेचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरविल्याचे 2017 मध्ये उघड झाले. तरी सहकारी पद्धतीच्या व्याजविरहित संस्थांचा मार्ग बंद झालेला नाही. तोवर बँकेत पैसा सुरक्षिततेसाठी ठेवणे, आणि खात्यात आलेले व्याज स्वतः न वापरता पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना देऊन टाकणे, हा विद्वानांनी सांगितलेला मार्ग आहेच.

सुरुवात कोणी करावी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जाब कोणाला द्यावयाचा? कर्ज काढून पंगत घालणारा स्वतःच्या निर्णयातून सुटत नाही. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत, कर्जदार बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा मोडतो, असे त्याचे कारण त्यांनी सांगितले. कर्ज मनुष्याचा पैसा नेते, तसे त्याचे चारित्र्यही नेते.

परंतु साध्या लग्नाचे आवाहन केवळ गरिबांना करणे व्यर्थ आहे. गरिबाने साधा निकाह केला तर लोक त्याला ‘ऐपत नव्हती’ म्हणतात आणि ती नामुष्की टाळण्यासाठीच तो कर्ज काढतो. तोच निकाह केळीच्या मोठ्या व्यापाऱ्याने, यंत्रमागाच्या मालकाने, डॉक्टरने, प्राध्यापकाने असराच्या नमाजनंतर मशिदीत केला, जहेज नाकारले आणि वलीमा आटोपशीर ठेवला, तर मोहल्ल्यातील दहा बापांना तसे करण्याची मोकळीक मिळते. ज्याला खर्च परवडतो त्याने तो न करणे हा त्याच्या गरीब शेजाऱ्यावर केलेला सदका आहे. ऐपतदाराला ‘माझा पैसा, माझी मर्जी’ असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या मंडपाची उंची गरिबाच्या कर्जाची रक्कम ठरविते.

सहीह मुस्लिममध्ये एका शेतकऱ्याची हकीगत आहे. ढगातून त्याच्या नावाने आवाज आला की अमुकाच्या बागेला पाणी दे. आणि त्या पावसाचे पाणी ओढ्यातून वाहत नेमके त्याच्याच बागेत पोहोचले. एका वाटसरूने त्याला कारण विचारले. तो म्हणाला की, उत्पन्नाचा एक-तृतीयांश मी सदका करतो, एक-तृतीयांश मी व माझे कुटुंब खातो आणि एक-तृतीयांश पुन्हा बागेला देतो. पुढच्या लागवडीसाठी कंद राखणाऱ्या आपल्या केळीबागायतदाराला हा तिसरा हिस्सा चटकन समजेल. आपल्या घरांची बाग म्हणजे मुलामुलींचे शिक्षण, म्हातारपण, आजारपण आणि एखाद्या होतकरू मुलाच्या धंद्याचे भांडवल. ईदीचे पैसे हाती आले की मुलांना असेच तीन भाग करावयास शिकवावे: थोडे खाऊसाठी, थोडे गरजूसाठी, थोडे पुढे लागतील म्हणून. भाग समान नसले तरी चालतील, तीन असावेत.

आणि मंडपात जाणाऱ्या आपण पाहुण्यांनी? आमंत्रण स्वीकारणे सुन्नत आहे, म्हणून जावे. दुआ द्यावी, जोडप्यासाठी बरकत मागावी. ताटाची, मंडपाची, जहेजची स्तुती मात्र करू नये. जेथे साधेपणा दिसेल तेथे तो मोठ्याने वाखाणावा, इतका की चार जणांनी ऐकावा. मनुष्य ज्या गोष्टीची वाहवा होते तिच्यासाठी पैसा साठवितो, हे मी धुळ्यातील त्या मंडपात पाहिले आहे. त्या गृहस्थांनी बारा वर्षे काटकसर केली होती. त्यांच्यात संयमाची उणीव नव्हती. त्यांच्या संयमाला आम्ही चुकीचे ध्येय दिले होते.

त्यांची धाकटी मुलगी अधूनमधून रस्त्यात दिसते. सलाम करते. मी उत्तर देतो आणि मला सूरह हश्रची 18 वी आयत आठवते, जीत प्रत्येकाने उद्यासाठी काय पुढे पाठविले आहे हे पाहावे, असे फर्माविले आहे. त्या ‘उद्या’चा अर्थ कयामतचा दिवस. परंतु त्या दिवशी ज्या हक्कदारांचे प्रश्न विचारले जातील, ते हक्कदार आज आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत राहत आहेत.

अल्लाह आपणांस कंजूषपणा आणि उधळपट्टी या दोहोंपासून वाचवो, हक्कदारांचे हक्क ओळखण्याची बुद्धी देवो आणि आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.